घोरेपानीच्या पुढचं आकाश: पोखरा–जोमसोम अपघाताचा एक अभ्यास

२९ मे २०२२, रविवार. सकाळी दहाला पाचेक मिनिटं असताना तारा एअर या नेपाळी कंपनीचं एक ट्विन ऑटर विमान पोखऱ्याहून जोमसोमला निघालं. आत बावीस माणसं होती. तीन कर्मचारी, एकोणीस प्रवासी. त्यांत चार भारतीय, दोन जर्मन आणि बाकीचे नेपाळी. सरळ रेषेत अंतर सत्तरेक किलोमीटर, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. हवामानामुळे पहाटेची वेळ आधीच टळून गेली होती. निघाल्यावर काही मिनिटांतच विमानाशी संपर्क तुटला. दिवसभर शोध चालला, पण वर बर्फ पडू लागल्यामुळे संध्याकाळी तो थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुस्तांग जिल्ह्यातल्या थासांग भागात, सानोसवरे नावाच्या ठिकाणी, चार हजार मीटरांपेक्षा उंच कड्यावर अवशेष दिसले. कोणीही वाचलं नव्हतं.

मी बडोद्यात वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांना हवामान आणि नॅव्हिगेशन शिकवतो. हे प्रकरण वर्गात घेण्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे यात विमान मोडलं नाही, इंजिन बंद पडलं नाही, पंख तुटला नाही. नीट चालणारं विमान नीट चालत असतानाच डोंगराला जाऊन धडकलं. अशा अपघातांत शिकण्यासारखं सगळं माणसांच्या निर्णयात असतं आणि म्हणूनच ते शिकवता येतं. दुसरं कारण अधिक जवळचं. हा मुक्तिनाथाचा रस्ता आहे. दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतल्या मराठी घरांत देव्हाऱ्यातला शाळिग्राम ज्या काली गंडकीतून येतो, त्याच नदीच्या दरीतून हे विमान जातं. दर वर्षी बडोद्यातून यात्रेकरूंचे गट तिकडे निघतात आणि दर वर्षी कोणीतरी मला विचारतं, "विमानाने जावं की जीपने?" त्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असं एका शब्दात उत्तर देणं मला बरोबर वाटत नाही. या प्रकरणातून गेल्यावर ज्याचं त्याला ते देता यावं, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मार्ग

पोखरा समुद्रसपाटीपासून आठशेच मीटरांवर आहे. जोमसोम सुमारे २,७०० मीटरांवर. दोघांच्या मध्ये हिमालयाची मुख्य रांग उभी आहे: पश्चिमेला धवलगिरी, ८,१६७ मीटर, पूर्वेला अन्नपूर्णा, ८,०९१ मीटर. काली गंडकीने या दोन पर्वतांच्या मधून आपली वाट कोरली आहे, आणि विमानाला तीच एक वाट आहे.

वरून का जात नाहीत, हा प्रश्न प्रत्येक नवीन विद्यार्थी विचारतो. ट्विन ऑटरच्या केबिनमध्ये मोठ्या विमानासारखा हवेचा दाब राखला जात नाही. एकोणीस आसनांचं, दोन पंख्यांचं, आखूड धावपट्टीवर उतरू शकणारं हे कॅनेडियन विमान १९६५ साली पहिल्यांदा उडालं. डोंगरातल्या छोट्या पट्ट्यांसाठी त्याच्या तोडीचं विमान आजही फार थोडं आहे. पण प्रवासी घेऊन आठ हजार मीटरांवरून जाणं हे त्याचं काम नव्हे. ते शिखरांच्या खालून, दरीच्या आतून जातं. दोन्ही बाजूंना बर्फाचे उतार खिडकीच्या वर चढलेले असतात. जमिनीपासूनची उंची भरपूर दिसली, तरी समोरच्या आणि बाजूच्या भिंतींच्या हिशेबाने हे खालून उडणंच आहे.

पोखऱ्याहून निघाल्यावर आधी घोरेपानीची खिंड लागते, जवळजवळ २,९०० मीटर उंचीची. ती ओलांडली की विमान काली गंडकीच्या दरीत शिरतं आणि उत्तरेकडे वळतं. या खिंडीच्या अलीकडचं आणि पलीकडचं हवामान वेगळं असतं. अलीकडे लुम्ले आहे, नेपाळातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक, वर्षाला पाच हजार मिलीमीटरहून अधिक. पलीकडे जोमसोमला वर्षाकाठी तीनशे मिलीमीटरसुद्धा पडत नाही. महाबळेश्वर आणि माणदेश यांच्यात जे नातं आहे तेच इथे आहे, फक्त सह्याद्रीच्या जागी हिमालय. महाबळेश्वरी धुकं दाटलेलं असताना म्हसवडला रणरणतं ऊन असतं, हे आपल्याकडे कोणालाही सांगावं लागत नाही. मेअखेरीस दक्षिणेकडून बाष्प वर सरकू लागतं, सूर्य चढतो तसे दक्षिण उतारांवर ढग जमतात आणि खिंड भरत जाते. त्या वेळी जोमसोमचा माणूस फोनवर सांगत असतो, "इकडे स्वच्छ आहे."

या मार्गावरचा सर्वांत मोठा धोका मला इथे दिसतो. दोन्ही टोकांची हवा विमान सोडण्याजोगी असते आणि मधली पंधरा मिनिटं नसते. अपघातानंतर दोनच दिवसांनी नेपाळच्या नागरी विमान प्राधिकरणाने नियम कडक केला: निघण्याच्या आणि उतरण्याच्या ठिकाणचं हवामान चांगलं असणं पुरे नाही, संपूर्ण मार्गावरचं हवामान अनुकूल असेल तरच परवानगी. हा नियम आधी असा नव्हता, याचं मला आजही वाईट वाटतं. लुम्ले आणि जोमसोमच्या पावसाचे आकडे कितीतरी वर्षांपासून सगळ्यांच्या समोर होते.

दुसऱ्या बाजूने वारा वेळ खातो. उत्तरेकडचं कोरडं पठार तापलं की काली गंडकीच्या दरीतून दक्षिणेकडून वारा वर ओढला जातो. दुपारी जोमसोमला तो इतका जोराचा असतो की रस्त्यावर चालणारा माणूस तोंड फिरवून उभा राहतो. म्हणून तिथली उड्डाणं सकाळीच उरकतात. पहाटे ढगांमुळे थांबलं आणि उशिरा वाऱ्यामुळे थांबलं, तर मध्ये उरलेली फट अरुंद असते. दहाच्या सुमाराला पोखऱ्यातून निघालेलं विमान त्या फटीच्या शेवटच्या टोकाशी असतं. निघावं की नाही हे ठरवणाऱ्या माणसाच्या मनावर त्या फटीचं ओझं असतंच. ते ओझं मुलांना आधी समजावं असं मला वाटतं. नाहीतर मुलं मेलेल्या वैमानिकाला फार पटकन दोषी ठरवून मोकळी होतात.

ढगात काय होतं

हे उड्डाण डोळ्यांनी पाहून करायचं होतं. म्हणजे वैमानिकाने ढगाबाहेर राहायचं, जमीन आणि डोंगर पाहत जायचं. जोमसोमला यंत्रांच्या भरवशावर ढगातून उतरण्याची सोय नाही. चौकशी आयोगाच्या अहवालाचा निष्कर्ष असा: विमान नकळत ढगात शिरलं, त्या अवस्थेत योग्य मार्गावर लक्ष राहिलं नाही, भूभागाचा इशारा देणारी यंत्रणा दाबून, म्हणजे बटणाने गप्प करून, ठेवलेली होती, आणि विमान वैमानिकांच्या ताब्यात असतानाच डोंगराला धडकलं. कंपनीच्या ठरलेल्या कार्यपद्धती न पाळणं, बिघडत जाणारं हवामान, दोन वैमानिकांमधला कमी पडलेला समन्वय आणि त्या यंत्रणेचं प्रशिक्षण न मिळणं, ही कारणंही अहवालात येतात.

अहवालाचा रोख ढगांवर आहे, बर्फाच्या चकव्यावर नाही. तरी वर्गात मी इथे थांबून बर्फाबद्दल बोलतो, कारण चार हजार मीटरांवर ढग आणि बर्फ यांना वेगळं काढता येत नाही.

ताजं बर्फ त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा ऐंशी ते नव्वद टक्के भाग परत फेकतं. वर ढगांचं सलग आवरण असलं की प्रकाश एका दिशेने न येता सगळीकडून येतो. बर्फावरून ढगाकडे जातो, ढगावरून पुन्हा बर्फाकडे. सावल्या नाहीशा होतात. डोळा उतार ओळखतो तो सावल्यांवरून, खडकावरून, झाडावरून, पायवाटेवरून. ते काहीच नसलं तर समोरचा चढ सपाट दिसतो. त्याहून वाईट म्हणजे तो आकाशासारखा दिसतो. यासाठी विमान ढगात असण्याचीही गरज नाही. हवा स्वच्छ असते, दूरवर दिसत असतं, आणि तरी समोरचा डोंगर दिसत नाही.

२८ नोव्हेंबर १९७९ रोजी अंटार्क्टिकात माउंट एरेबसवर एअर न्यूझीलंडचं डीसी-१० अशाच प्रकाशात धडकलं. ते मोठं विमान होतं, सहलीला निघालेलं, २५७ माणसांचं. ढगांच्या खाली, स्वच्छ हवेत, प्रवाशांना बर्फ दाखवण्यासाठी ते दीड हजार फुटांपर्यंत खाली आलं होतं. मार्गाचे आकडे आदल्या रात्री बदलले गेले होते आणि ते वैमानिकांना सांगितलेलं नव्हतं. आपण सपाट बर्फाळ सामुद्रधुनीवर आहोत असं त्यांना वाटत होतं, समोर होता ३,७९४ मीटरांच्या पर्वताचा पायथा. जमिनीचा इशारा देणारं यंत्र वाजलं तेव्हा सहाएक सेकंद उरले होते. अनुभवी माणसं कॉकपिटमध्ये होती, बाहेर बघत होती, आणि कोणालाही पर्वत दिसला नाही.

१९९९ च्या सप्टेंबरात अलास्कात जूनोजवळच्या हिमक्षेत्रावर एक सहलीचं हेलिकॉप्टर अशाच प्रकाशात बर्फावर आदळलं. त्याला शोधायला गेलेलं दुसरं हेलिकॉप्टर त्याच दिवशी तसंच आदळलं. नंतर तिसरंही. माणसं वाचली. पहिलं खाली गेलं आहे हे माहीत असताना, पूर्ण सावध असताना, पुढच्या दोघांना तेच झालं. "मी लक्ष देऊन बघेन" या भरवशाला तिथे जागा नाही, हे मुलांच्या गळी उतरवायला माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही.

आणखी एक बारकावा. उतार हळूहळू चढत असेल तर वैमानिक नकळत विमानाचं नाक वर उचलत जातो, कारण समोरचं दृश्य आहे तसंच ठेवायचं असतं. आपण चढतो आहोत हे त्याला कळत नाही. वेग मात्र कमी होत जातो. बर्फ दिसेपर्यंत विमानाजवळ वळायलाही वेग उरलेला नसतो.

बडोद्याच्या मुलांना हे अनुभवाने माहीत नसतं आणि असायचं कारणही नाही. हरणीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरांवर. खाली विश्वामित्री, पलीकडे मही, नर्मदेचा मुख्य कालवा, द्रुतगती महामार्ग. डोंगर म्हणून एकटा पावागड. हिवाळ्याच्या सकाळी धुरकट हवेत क्षितिज हरवतं, पण कालव्याची रेघ मिळतेच. ज्यांनी कच्छचं पांढरं रण पाहिलं आहे त्यांना मी ते आठवायला सांगतो: ढगाळ दुपारी मिठाचा पृष्ठभाग आणि आकाश जिथे मिळतात ती रेघ सापडत नाही. आता तो पृष्ठभाग सपाट नाही, तर वर चढत गेलेला आहे असं समजा. मुलं गप्प होतात.

गप्प केलेलं यंत्र

या प्रकरणात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो दाबून ठेवलेला इशारा.

जुनी यंत्रणा विमानाच्या पोटाखालची उंची मोजायची. समोर कडा असेल तर तो खाली येईपर्यंत तिला कळायचं नाही; एरेबसला सहाच सेकंद मिळाले ते त्यामुळे. नवी यंत्रणा वेगळी चालते. उपग्रहावरून विमानाची जागा घेते, स्वतःजवळच्या भूभागाच्या नकाशाशी ताडते आणि पुढे काय येतंय ते आधीच सांगते. ढगात, पांढऱ्या उजेडात, रात्री, जिथे डोळा कामाचा नाही तिथे हीच एक गोष्ट कामाची असते.

पण काली गंडकीसारख्या दरीत ही यंत्रणा रोजच ओरडते. विमान शिखरांच्या खालून जात असतं, दोन्ही बाजूंना भिंती असतात, आणि यंत्राच्या हिशेबाने हे सतत धोक्याचं असतं. हवा स्वच्छ असताना वैमानिकाला भिंत दिसत असते. तो म्हणतो, मला दिसतंय, तू थांब. बटण दाबतो. हे रोज होतं. रोज काहीच होत नाही. बटण दाबणं ही उड्डाणाआधीच्या तयारीसारखी एक सवय बनते. मग एक दिवस समोर ढग येतो, डोळा निकामी होतो, आणि ज्याच्याकडे वळायचं ते यंत्र त्यानेच झोपवलेलं असतं.

याच मार्गावर, याच कंपनीचं, याच जातीचं विमान सहा वर्षांपूर्वी पडलं होतं. २४ फेब्रुवारी २०१६. पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं ट्विन ऑटर म्याग्दी जिल्ह्यात सोलीघोप्तेजवळ डोंगराला धडकलं. तेवीस माणसं गेली. त्या वेळच्या चौकशीत दिसलं की डोळ्यांनी पाहून करायच्या उड्डाणात विमान पुन्हापुन्हा ढगात शिरलं, नेहमीच्या मार्गापासून सरकलं, आणि दिशेचं भान सुटलं. त्या दिवशी इशारा देणारं यंत्र दाबलेलं नव्हतं. ते वाजत होतं. तरी विमान पुढे जात राहिलं.

ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून वाचावीत असा माझा आग्रह असतो. पहिल्यात इशारा वाजला आणि मनावर घेतला गेला नाही. दुसऱ्यात तो वाजूच दिला नाही. यंत्र बसवून प्रश्न सुटत नाही, हे २०१६ ने सांगितलं होतं. यंत्राच्या खोट्या ओरड्याचं करायचं काय, कधी दाबायचं, दाबलं असेल तर पुन्हा कधी चालू करायचं, ढगाचा पहिला तुकडा दिसताच दोघांपैकी कोणी ते बटण सोडायचं, हे शिकवणं बाकी होतं. २०२२ च्या अहवालात प्रशिक्षणाचा उल्लेख वाचताना मला हे सहा वर्षं वाया गेल्यासारखं वाटलं.

बडोद्यात या अपघाताबद्दल बोलताना बहुतेक लोक एकच वाक्य म्हणतात: "विमान जुनाट होतं." २०२२ चं विमान चाळीस वर्षांहून जुनं होतं, हे खरं. पण २०१६ चं विमान त्याच जातीच्या नव्या मालिकेतलं होतं, कारखान्यातून येऊन काही महिनेच झालेलं. दोन्ही सारख्याच रीतीने संपली. विमानाच्या वयाकडे बोट दाखवलं की मनाला बरं वाटतं, कारण मग नवीन विमान शोधलं की आपण सुरक्षित, असा अर्थ निघतो. या मार्गावर तो अर्थ चुकीचा आहे.

वळायला लागणारी जागा

वर्गात आम्ही यानंतर फळ्यावर हिशेब मांडतो. तो इथेही देतो, कारण ढगाच्या तोंडाशी काय शक्य होतं आणि काय नव्हतं, ते त्याशिवाय कळत नाही.

समजा विमानाचा खरा वेग ताशी २७० किलोमीटर आहे. म्हणजे सेकंदाला ७५ मीटर. तीस अंश कलून वळलं तर वळणाची त्रिज्या जवळपास एक किलोमीटर येते. पूर्ण उलट फिरायला दोन किलोमीटर रुंदी लागते आणि चाळीसेक सेकंद जातात. आता समोर दीड किलोमीटरपर्यंतच दिसतंय. दरीची पलीकडची भिंत ढगात आहे. वळायला लागणारी जागा दिसणाऱ्या जागेपेक्षा मोठी झाली आहे. इथून परत फिरणं म्हणजेसुद्धा न दिसणाऱ्या भिंतीकडे वळणं. पुढे जाणं आणि मागे येणं, दोन्ही सारखंच आंधळं.

वेग ताशी १८० पर्यंत आणला तर तीच रुंदी नऊशे मीटरांच्या आत येते. पंचेचाळीस अंश कललं तर आणखी कमी, पण त्या कलात विमानाचं वजन दीडपटीच्या जवळ गेल्यासारखं होतं आणि ज्या वेगाला ते आकाशात टिकेनासं होतं तो वेगही वर सरकतो. घाबरलेल्या माणसाने हळू वेगात जोरात कलणं, हा दुसऱ्याच अपघाताचा रस्ता आहे.

उंचीचा भाग मुलांना सर्वांत जास्त चकित करतो. चार हजार मीटरांवर हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांश इतकीच दाट असते. वेगमापक हरणीवर जो आकडा दाखवत होता तोच तिथे दाखवत असला, तरी विमान प्रत्यक्षात वीसेक टक्के जास्त वेगाने सरकत असतं, आणि वळायला लागणारी रुंदी जवळपास दीडपट झालेली असते. डोळा आणि हात मैदानात शिकलेले असतात. डोंगरात ते त्याच अंदाजाने वळतात.

"सर, मग तो ढगात शिरल्यावर त्याने काय करायला हवं होतं?" एका मुलीने विचारलं.

मी तिला सांगितलं, त्या प्रश्नाला चांगलं उत्तर उरलेलं नसतं. पंख सपाट ठेव, पूर्ण ताकद लाव, चढ, ओळखीच्या दिशेला राहा, बटण दाबलेलं असेल तर सोड, आणि मदत माग. पण धवलगिरीच्या खाली हा शेवटचा आसरा आहे. चढण्याचा वेग कड्याच्या चढाला पुरत नाही. चांगलं उत्तर त्याच्या आधीच्या मिनिटाला आहे, घोरेपानीला.

म्हणून आमच्या अभ्यासात विद्यार्थ्याला नकाशावर एक जागा खुणावी लागते. खिंडीच्या अलीकडे, जिथे दरी अजून वळण्याइतकी रुंद आहे तिथे. तिथे पोचण्याआधी वेग कमी करायचा, दरीच्या मधोमध न राहता एका भिंतीच्या बाजूला राहायचं, म्हणजे वळायला सगळी रुंदी हाती राहते. त्या जागेवर खिंडीपलीकडचा ठरलेला डोंगर दिसला तर पुढे. न दिसला तर परत. अर्धवट दिसला तरी परत. ही जागा जमिनीवर, टेबलाशी बसून ठरवायची. दुसऱ्या वैमानिकाला ती माहीत असली पाहिजे आणि "परत" हा शब्द म्हणायचा त्याचाही हक्क असला पाहिजे. हवेत बसून ठरवायला गेलं की प्रत्येक फटीतून पलीकडचं ऊन दिसतं, आणि आपल्या आधी गेलेलं विमान पोचलं असेल तर ती फट आणखीच मोठी वाटते.

बर्फाच्या प्रदेशासाठी मी यात एक भर घालतो. खूण म्हणून बर्फाची कडा घ्यायची नाही. काळा खडक, झाडांची वरची रेघ, नदीचं पात्र, असं काहीतरी गडद घ्यायचं. पांढरी खूण ढगाळ उजेडात सर्वांत आधी नाहीशी होते आणि ती नाहीशी झाल्याचं लगेच कळत नाही.

मागच्या आसनांवरची घाई

उरली प्रवाशांची बाजू. अहवालात ती नाही, असणारही नाही. पण पोखऱ्याच्या विमानतळावर सकाळभर थांबलेल्या गटाची अवस्था मला ऐकून ठाऊक आहे. परतीचं आरक्षण ठरलेलं, काठमांडूचं हॉटेल ठरलेलं, मुक्तिनाथाच्या एकशे आठ धारांखाली स्नान करायचं म्हणून वर्षभर मन तयार केलेलं. कोणीतरी जोमसोमला फोन लावतं, तिकडे ऊन आहे असं कळतं, आणि मग काउंटरवर आवाज चढतात. तो आवाज वैमानिकापर्यंत थेट पोचत नसेल. कंपनीच्या माणसापर्यंत पोचतो, आणि तिथून पुढे त्याचं काय होतं ते सांगायला नको.

आमच्या दांडिया बाजारातल्या एका काकूंनी यंदा गट जमवला आहे. बहुतेक सगळे साठीच्या पुढचे. त्यांनी मला बोलावून विचारलं, "अरे, तू एवढं शिकवतोस, तर सरळ सांग ना. विमान सुरक्षित की जीप?"

मी म्हटलं, "काकू, जीपचा रस्ताही बेनीच्या पुढे दरडींचा आहे, आणि पावसात तोही वाईट. स्वच्छ सकाळी विमान चांगलं आहे. तुमच्या हातात एवढंच आहे, की ती सकाळ मिळेपर्यंत थांबता यावं."

"आणि नाहीच मिळाली तर?"

"तर जीप. किंवा पोखऱ्यातूनच नमस्कार."

त्यांना शेवटचं आवडलं नाही, हे चेहऱ्यावर दिसलं. तरी त्यांनी वही काढली. वर लिहिलेला कार्यक्रम असा होता की पोखऱ्याला रात्री पोचायचं आणि दुसऱ्या पहाटे विमान. एकही दिवस मोकळा नव्हता. विमान उशिरा निघालं असतं तरी यांनी आनंदाने चढायचंच होतं, कारण न चढण्याला कार्यक्रमात जागाच नव्हती. आम्ही बसून तो बदलला. पोखऱ्यात दोन दिवस राखीव. पहाटेचं उड्डाण आठपर्यंत सुटलं नाही, तर त्या दिवशी विमान नाही, हे गटातल्या सगळ्यांनी निघण्याआधीच मान्य करायचं. साडेनऊला कोणी "आता सोडतायत" म्हणालं तरी. मेअखेरीऐवजी ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा, जेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि सकाळी खिंड बऱ्याचदा मोकळी असते. विमानाचे पैसे रद्द झाल्यावर परत मिळतील का, हे लेखी घ्यायचं, म्हणजे पैशासाठी कोणी हट्ट धरणार नाही. दुसऱ्या दिवशीही खिंड बंद असली तर बेनी, तातोपानी, घासामार्गे जीप, आणि जोमसोमला एक रात्र जास्त, कारण एवढ्या झपाट्याने उंची गाठल्यावर साठीच्या माणसांना विश्रांती लागते. जोमसोमहून परतताना तोच नियम, उलट दिशेने.

गटातल्या एका आजोबांनी आठची अट फार कडक आहे म्हणून हरकत घेतली. त्यांच्याशी बोलणं अजून चालू आहे. गोरखपूरहून परतीचं आरक्षण मात्र काकूंनी दोन दिवस पुढे ढकलून घेतलं आहे.